इंटरनेटवरचे बोलणे आणि आपला व्यापार

व्यापारात दिलेल्या शब्दाला किंमत असते. परंतु एके काळी तो शब्द दुसऱ्या गावी पोचविण्यालाही मोठी किंमत मोजावी लागे. मालेगावच्या कारखानदाराला मुंबईच्या मार्केटातला ग्रे कापडाचा भाव विचारायचा झाला, तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावे लागे. पुढे गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे फलक लागले. रात्री अकरानंतर पाव दरात बोलता येते म्हणून पेढीवरचे लोक जेवणखाण उरकून बूथवर रांग लावीत. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाईलवरचा पहिला कॉल झाला. त्या वेळी गर्दीच्या तासांत मिनिटाला १६ रुपये ८० पैसे दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागत. आलेला कॉल फुकट झाला तो १ मे २००३ पासून.

आज छोटा कारागीरही दुबईच्या पार्टीला थानाचा रंग व्हिडिओवर दाखवितो आणि त्यासाठी वेगळे पैसे देत नाही. ही सोय कशी झाली, तिचे कायदे कोणते आणि आपल्या रोजच्या धंद्यात तिच्यापासून कोठे सावध राहावे, हे प्रत्येक व्यापारी बांधवाने समजून घेतले पाहिजे.

पूर्ण ट्रक आणि पार्सल

जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसे बोलत असेपर्यंत एक लाईन त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली असे. एका गाठीसाठी पूर्ण ट्रक भाड्याने घ्यावा, तसा हा प्रकार. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लागतो आणि हजारो लोकांच्या तुकड्यांबरोबर तो त्याच वाटेने जातो. हा पार्सलचा माल समजा. ट्रक तोच, भाडे सर्वांत विभागलेले. म्हणून बोलणे स्वस्त झाले.

ही विद्या नवी नाही. १९९५ साली इस्राएलच्या व्होकलटेक कंपनीने संगणकावरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले होते. परंतु आपल्याकडे परदेशी कॉलचा मक्ता विदेश संचार निगमकडे होता आणि इंटरनेटवरून बोलण्यास मनाई होती. हा मक्ता १ एप्रिल २००२ रोजी संपला व त्याच दिवसापासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील फोनवर बोलता येऊ लागले. संगणकावरून देशातल्या देशात साध्या फोनवर बोलण्यास मात्र परवानगी नव्हती. पुढे २००३ साली स्काइप आले, २०१५ साली व्हॉट्सॲपवर कॉल सुरू झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने कॉल फुकट करून डेटाचेच पैसे घेण्याची पद्धत आणली. ज्या स्काइपने हा बाजार उघडला, ते मे २०२५ मध्ये बंदही झाले. एखादे ॲप आज सर्वांच्या हाती आहे म्हणून ते कायम राहील, या भरवशावर पेढी चालविता येत नाही.

नंबर कोणाचा, सिम कोठे?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या ॲपना एक आदेश दिला. ज्या नंबरावर ॲप घेतले, त्याचे सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावे आणि संगणकावर उघडलेले ॲप जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद होऊन पुन्हा जोडावे लागावे, असा त्याचा आशय होता. त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली होती. परदेशात बसून भारतीय नंबरावरून फसवणूक करणाऱ्यांना आळा घालणे, हे कारण सांगितले गेले.

हेतू योग्य आहे, परंतु आपल्या कारोबाराची रीत पाहा. शेठच्या नंबरावरचे व्हॉट्सॲप दुकानातल्या संगणकावर दिवसभर उघडे असते आणि मुनीम त्यावरून बिले पाठवितो. एखादा भाऊ आखातात नोकरीला आहे. त्याचे इकडचे सिम घरी डब्यात पडून आहे आणि ॲप मात्र त्याच नंबरावर चालते. अशा सर्वांनी आपली घडी आत्ताच नीट बसवून घ्यावी. दुकानाचा नंबर वेगळा असावा, सिम दुकानातल्याच फोनमध्ये असावे आणि ते दुकानाच्या मालकाच्या नावावर असावे. सोडून गेलेल्या नोकराच्या नावावरचे सिम म्हणजे आपल्या गिऱ्हाइकीची किल्ली परक्याच्या खिशात. बंद केलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. नंबर सोडण्यापूर्वी बँक आणि ॲप यांतून तो काढून टाकावा.

आखाताशी व्यवहार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा परवानाधारकांच्या अखत्यारीत ठेवलेली आहे. सौदी अरबने अटी पाळणाऱ्या ॲपवरील बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठविली. तिकडच्या पार्टीशी बोलण्याचा मार्ग कोणता, हे सौद्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

बोललेले लिहून घ्या

ॲपवरच्या कॉलचा मजकूर कोठेही जमा राहत नाही. भाव ठरला, पन्ना ठरला, उधारीची मुदत ठरली, सारे हवेत. समजा, मीटरमागे आठ आण्यांचा फरक कानावर चुकीचा पडला. दहा हजार मीटरमागे पाच हजारांचा वाद उभा राहतो आणि वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. म्हणून कॉल संपताच दोन ओळींचा संदेश पाठवावा: इतके मीटर, हा भाव, अमुक तारखेस माल, इतक्या दिवसांत रक्कम. समोरच्याने 'कबूल' लिहिले की झाले.

हा संदेश कोर्टात कामास येतो, परंतु रीतसर. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरविले की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर अशा पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेला दाखला आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हा दाखला आहे. स्क्रीनशॉट छापून आणला म्हणजे काम झाले, असे नाही. वाद दिसू लागताच मूळ संदेश पुसू नयेत, फोन विकू नये आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

इंटरनेट थांबले तर

जून २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात आणि त्यापूर्वी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत तणावामुळे इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा वेळी साधा कॉल लागतो, ॲपवरचा लागत नाही. ट्रान्सपोर्टवाला, सायझिंग, दलाल आणि मोठ्या पार्ट्या यांचे नंबर कागदी वहीत लिहिलेले असावेत. मोबाईल पाण्यात पडला तरी ही वही वाचते.

व्हिडिओवरचा साहेब

आपल्याच धंद्यातले उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ठगांनी स्काइपवर नजरेखाली ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखविली आणि सात कोटी रुपये काढून घेतले. त्यांतील बरीच रक्कम पोलिसांनी परत मिळविली. एवढा अनुभवी उद्योगपती फसतो, तेथे आपली काय कथा? 'डिजिटल अरेस्ट' असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओवर कोणी अटक करीत नाही, जामीन देत नाही. असा कॉल तोडावा, घरच्यांना सांगावे आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवावे. येथे लाजेपायी केलेला उशीरच महाग पडतो.

गाळा भाड्याने देताना

परदेशातून येणारा कॉल इथल्या फोनवर उतरविण्यासाठी इथल्या कंपनीला ठराविक आकार द्यावा लागतो. १ मे २०२० पासून तो मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवण्यात आला. तो चुकविण्यासाठी काही लोक एखाद्या खोलीत 'सिम बॉक्स' बसवितात. कॉल इंटरनेटवरून येतो, यंत्रातल्या डझनावारी सिममधून बाहेर पडतो आणि घेणाऱ्याला तो इथलाच नंबर वाटतो. सरकारचा महसूल बुडतोच, शिवाय ठगांची ओळख लपते. म्हणून माळा किंवा गाळा भाड्याने देताना करार करावा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. माणूस कोणी नाही आणि खोलीत इंटरनेट मात्र रात्रंदिवस चालू, असे दिसले तर चौकशी करावी.

सिमही कोणाला आपल्या नावावर काढून देऊ नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात एका नावावर नऊ सिमची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड. फसवून दुसऱ्याच्या ओळखपत्रावर सिम काढणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तेथेच कळविता येते.

भाव कोण ठरविणार?

टेलिफोन कंपन्यांचे म्हणणे आहे की, आम्ही लिलावात पैसे मोजून लहरी घेतो, परवाना शुल्क भरतो आणि ॲपवाले आमच्याच वाटेने फुकट जातात. ॲपवाले म्हणतात, आमच्यामुळेच तुमचा डेटा खपतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये, तूर्त अशा ॲपवर नवे नियम नकोत, असा अभिप्राय दिला. मात्र जुलै २०२३ मध्ये हाच प्रश्न पुन्हा चर्चेला घेतला. या भांडणाचा भार अखेर डेटाच्या दरातून गिऱ्हाइकावरच येणार. दोन लूमचा कारखानदार आणि घरी बसून जरीकाम करणारी बहीण यांना हा भार सोसेल काय, हे आपल्या व्यापारी मंडळांनी सरकारपुढे मांडले पाहिजे. नियामकाचा चर्चापत्रक निघाला की कोणालाही आपले मत लेखी कळविता येते.

तोवर या आठवड्यात तीन कामे करून टाकावीत: दुकानाचे सिम कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, पार्ट्यांचे नंबर वहीत उतरवावेत आणि फोनवर ठरलेला प्रत्येक सौदा त्याच दिवशी लेखी करून घ्यावा.