मागाचा खडखडाट थांबला की चोर कोण ठरतो?

सोलापुरात यंत्रमागाचे काम घटले, विडी वळणाऱ्या बायांना पाने कमी मिळू लागली की वस्तीत हमखास ऐकू येते, "आता चोऱ्या वाढणार." अभ्यासवर्गातल्या तरुणांनी हे खरे का म्हणून विचारले, तेव्हा आम्ही आधी आकड्यांकडे वळलो.

आकडे गोंधळात टाकतात. 2008 च्या मंदीत अमेरिकेत लाखोंची नोकरी गेली, तरी तिथली गुन्हेगारी घटतच राहिली. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीने हातावर पोट असणाऱ्यांचे कंबरडे मोडले. त्या वर्षी देशातले नोंदलेले गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले, पण चोऱ्या कमी झाल्या! माणसे घरात, दुकाने बंद. चोराला संधीच नव्हती. मग वाढले काय? सरकारी आदेश मोडल्याचे, कलम 188 चे गुन्हे. ते 29 हजारांवरून एका वर्षात सहा लाखांपलीकडे गेले. म्हणजे आकडा लोक काय करतात एवढेच सांगत नाही, पोलीस कशाची नोंद करतात हेही सांगतो.

भूक थेट पोटाला भिडते तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. 1876-78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्याची लूट झाली, दरोडे पडले. दीघनिकायातले चक्कवत्ति सीहनाद सुत्त हेच सांगते. राजाने गरिबांना धन दिले नाही, दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी आली. राजाने पहिल्या चोराला पैसे देऊन सोडले, ते ऐकून आणखी लोक चोरी करू लागले. मग त्याने शिरच्छेद सुरू केला, तर लोकांनीही शस्त्रे घडवली. कूटदंत सुत्तातला पुरोहित राजाला वेगळी वाट दाखवतो: शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, नोकराला वेतन. एकदा भीक घालणे आणि रोजगार देणे यांतला फरक त्या काळीही कळत होता.

इंग्रज सरकारने तिसरीच वाट धरली. रेल्वे आली, जंगलाचे कायदे आले, भटक्यांचे पारंपरिक धंदे बसले. आणि 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात कोंडली. हजेरी चुकली की शिक्षा. त्यातलेच अनेक हात इथल्या गिरण्यांत राबले. ज्यांच्या घामावर कापड विणले, त्यांनाच शहर चोर म्हणत राहिले. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, 1960 मध्ये पंडित नेहरूंनी इथे येऊन ती तार तोडली. पण 1959 चा सराईत गुन्हेगार कायदा तोवर आला होता, आणि चोरी झाली की पहिली जीप अजून पारध्यांच्या पालाकडेच वळते.

हलाखीत खरा वाढतो तो गरिबावर होणारा गुन्हा, आणि तो ठाण्याच्या वहीत क्वचितच उतरतो. काम सुटले की खासगी सावकार दारात येतो. महिना दहा टक्के, तारणाला मंगळसूत्र नाहीतर घराची कागदे. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. अशा सावकाराने गेल्या पंधरा वर्षांत जमीन किंवा घर बळकावले असेल, तर ते परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहाराच्या चिठ्ठ्या, खरेदीखत, बँकेच्या नोंदी जोडाव्यात. चिठ्ठी नसेल तरी अर्ज करावा, साक्षीदारांची नावे लिहावीत. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी निदान हे अर्ज तरी लिहून द्यावेत.