महोगनी कुठली, पाऊस कुठला?

(परभणी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



सुरुवात एका कबुलीने करतो. मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. 'रोप घेण्याआधी त्याचं पूर्ण नाव विचारा' हे वर्गात किती वेळा सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेतात साठ रोपं लावली, तेव्हा मीच ते विचारलं नाही. पिशवीवर चिठ्ठी होती, 'आफ्रिकन महोगनी'. तेवढ्यावर भागवलं. आज त्या साठांतली तेवीस उभी आहेत. बाकीची सदतीस का गेली, हेच आजचं व्याख्यान समजा.

हा विषय घ्यायचं कारण तुम्हाला माहीत आहे. सोयाबीनचा भाव पडतो, कापसाला बोंडअळी लागते, मजूर मिळत नाहीत. मग माणसाला वाटतं, एकदाच झाडं लावावीत आणि दहा-बारा वर्षांनी पैसे मोजावेत. गावोगाव 'एकरी एक कोटी'ची पत्रकं फिरतात. वाटण्यात चूक काही नाही. पण झाड हा बारा वर्षांचा व्यवहार आहे. पहिल्या वर्षी झालेली चूक सहाव्या वर्षी दिसते, आणि तोपर्यंत जमीन अडकलेली असते.

एका नावाची अनेक झाडं

मुळात महोगनी हे नाव अमेरिकेतलं. खरी महोगनी म्हणजे स्विटेनिया, ती वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडची. ते लाकूड युरोपने एवढं तोडलं की पुढे व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतलं तशाच रंगाचं लाकूड शोधलं. ते झाड म्हणजे खाया. दोघांचं कूळ एकच, आणि ते आपल्या कडुनिंबाचं कूळ आहे. म्हणजे हा पाहुणा तसा आपल्या भाऊबंदांपैकीच.

आता 'आफ्रिकन महोगनी' या नावाखाली खायाच्या चार-पाच जाती येतात. आपल्या कामाच्या दोन.

पहिली, खाया आयव्होरेन्सिस. नावातच आयव्हरी कोस्ट आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या सदाहरित जंगलातलं हे झाड चाळीस-पन्नास मीटर उंच जातं. तिथे वर्षाला साधारण १६०० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, कोरडे महिने थोडे, आणि हवा कायम दमट.

दुसरी, खाया सेनेगालेन्सिस. ही सेनेगालपासून सुदान-युगांडापर्यंतच्या गवताळ, झाडझाडोऱ्याच्या प्रदेशातली. ती ६५० ते १३०० मिलिमीटर पावसात वाढते आणि वर्षातले पाच-सहा महिने कोरडे काढते. नदीनाल्यांच्या काठाने जास्त दिसते.

आणि आपली परभणी? पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा मृगापासून दिवाळीपर्यंत. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस. हिवाळ्यात थंडीची लाट आली की राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून परभणीचं नाव बातमीत. आता तुम्हीच सांगा, या दोन झाडांपैकी कोणाला इथे बोलवायचं?

ओळखायचं कसं, तर पान बघा. पावसाळी जंगलातल्या जातीच्या पर्णिकेला शेपटीसारखं लांब निमुळतं टोक असतं. सतत भिजणाऱ्या पानावरचं पाणी त्या टोकावरून निथळून जातं. सेनेगालच्या जातीचं टोक बोथट, किंवा जेमतेम टोकदार. अमेरिकन महोगनीची पर्णिका विळ्यासारखी एका बाजूला कललेली असते. मोठं झाड बघायला मिळालं तर फळ पाहा. खायाचं फळ गोल, लाकडासारखं कडक, आणि वरच्या बाजूने उकलतं. अमेरिकन महोगनीचं फळ लांबट आणि बुडाकडून उकलतं. अगदी लहान रोपात मात्र पान फसवू शकतं. म्हणून रोपवाटिकेतून बिलावर पूर्ण शास्त्रीय नाव लिहून घ्या. नाव लिहायला तयार नसेल तर पुढच्या रोपवाटिकेत जा.

माझ्या साठ रोपांत भेसळ होती. लांब टोकाच्या पानांची अठरा रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात, ठिबक चालू असताना, कडेने करपत गेली. मुळाशी पाणी होतं, पण हवेत ओल नव्हती. ठिबक मुळाला पाणी देतं, दमट हवा देत नाही.

काळ्या जमिनीत लावताना

चौदा रोपं पावसाळ्यात गेली. आमच्या शेताचा खालचा कोपरा भारी काळ्या जमिनीचा. ही जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते. अशा जमिनीत आपण दोन फुटांचा खड्डा घेतो, त्यात शेणखत, पोयटा, मुरूम भरतो आणि समजतो की रोपाची सोय केली. खरं तर आपण चिकणमातीत एक बादली पुरलेली असते. खड्ड्यातली माती पाणी झटकन घेते, पण बाजूची काळी माती ते बाहेर जाऊ देत नाही. श्रावणातल्या झडीत मुळं त्या बादलीत आठवडाभर बुडून राहतात. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि वरून रोप 'पाण्याअभावी' सुकल्यासारखं दिसतं. मग आपण त्याला आणखी पाणी घालतो!

भारी जमिनीत म्हणून खोल खड्ड्याचा हट्ट नको. दीड-दोन फूट उंचीचा रुंद वरंबा करा, रोप त्यावर लावा, आणि उताराकडे चर काढून पाणी शेताबाहेर जाऊ द्या. चोपण जमिनीत लावूच नका. जिंतूरकडच्या मुरमाड उतारावर उलट बाब आहे. तिथे पाणी थांबत नाही, म्हणून तिथे खड्डा मोठा घ्या, उन्हाळ्यात घेऊन तापू द्या, आणि शेणखत जरा सढळ हाताने घाला.

लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जमीन वाफशावर आली की करा. पिशवी फाडल्यावर मुळाचा गोल वेटोळा दिसला तर धारदार ब्लेडने तो कापून टाका. तसाच ठेवला तर मूळ पुढेही गोलच फिरत राहतं, आणि झाड जमिनीत खुंटी ठोकल्यासारखं उभं राहतं, रोवलं जात नाही.

लहानपणी खायाला थोडी सावली चालते. याचा फायदा घ्या. रोपाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला हातभर अंतरावर तूर पेरा. शेंगा काढल्या तरी तुराट्या उपटू नका, मे महिन्यात त्याच आडोसा देतात. बुडाशी सोयाबीनच्या भुसाचं आच्छादन टाका, मात्र खोडाला चिकटवू नका, नाहीतर वाळवीला निमंत्रण.

पाणी: कमी वेळा, पण खोल

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं शहर आहे. तिथे सावलीसाठी सेनेगालची महोगनी रस्त्यारस्त्याला लावलेली होती. मार्च २०१८ मध्ये मार्कस चक्रीवादळ आलं आणि शहरातली हजारो झाडं आडवी झाली. त्यात ही महोगनी मोठ्या संख्येने होती. उन्मळलेली झाडं पाहिली तर मुळं वरच्या थरात थाळीसारखी पसरलेली.

आपल्याकडे चक्रीवादळ नाही, पण वैशाखातला वळीव आहे. माझी उरलेली पाच झाडं दोन वळवांत गेली. मी ठिबकची नळी खोडाशीच ठेवून रोज तासभर पाणी सोडत होतो. मुळाला खाली जायचं कारणच उरलं नाही. रोज दाराशी जेवण आलं तर कोण शेतात जाईल?

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पण दोन फूट खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. लोखंडी सळई खुपसून बघा, जिथवर ती सहज जाते तिथवर ओल आहे. नळी दर वर्षी खोडापासून फूटभर लांब सरकवा. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर अडीअडचणीलाच पाणी. २०१२ आणि २०१५च्या दुष्काळांत मराठवाड्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. विहीर आटल्यावर जे झाड स्वतःच्या मुळावर उभं राहत नाही, त्याच्यावर बारा वर्षांची आशा ठेवता येत नाही.

शेंड्यातली अळी

या कुळाचा जुना शत्रू म्हणजे शेंडा पोखरणारी अळी, हिप्सिपिला. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे आहे. आपल्याकडे तुनीच्या झाडावर ती येतेच. नव्या फुटीवर पतंग अंडी घालतो, अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. झाड मरत नाही, पण खालून चार फांद्या फुटतात आणि सरळ खोड संपतं. लाकडासाठी लावलेल्या झाडाचं सरळ खोड गेलं म्हणजे भांडवलच गेलं.

पावसाळ्यात दर आठ दिवसांनी शेंडे बघा. डिंक, भुसा किंवा सुकलेला शेंडा दिसला की छिद्राच्या खाली, निरोगी लाकडापर्यंत कापा आणि तो तुकडा जाळा. फुटलेल्या फांद्यांतली सगळ्यात जोमदार एक ठेवा, बाकी काढा. खालच्या फांद्या बोटाएवढ्या जाड असतानाच छाटा. मनगटाएवढ्या झाल्यावर छाटल्या तर लाकडात गाठ राहते. आणि सलग एकच झाड लावू नका. एकाच जातीचं शेत म्हणजे अळीला मांडलेली पंगत.

कोटीचा हिशोब

आता पत्रकातला कोटी तपासू. दहा बाय दहा फुटांवर एकरी ४३५ झाडं बसतात. समजा ४०० जगली. एक कोटी हवे तर दर झाडाला २५,००० रुपये आले पाहिजेत.

आपल्या जमिनीत बारा वर्षांत खोडाचा घेर तीन फूट आणि सरळ लांबी बारा फूट झाली, तर मी ते झाड उत्तम म्हणेन. वखारीतली रीत काय? घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. पाऊण गुणिले पाऊण गुणिले बारा. उत्तर पावणेसात घनफूट. पंचवीस हजार भागिले पावणेसात, म्हणजे घनफुटाला सुमारे ३,७०० रुपये. एवढा भाव उभ्या, कोवळ्या झाडाला कोण देतो, हे तुमच्या गावाजवळच्या वखारीत जाऊन विचारा. गाभ्याचं लाल लाकूड वय मागतं. शिवाय दहा फुटांवर चारशेच्या चारशे झाडं तीन फूट घेराची होत नाहीत. निम्मी विरळणीत काढावी लागतात.

खायाला जगात मागणी आहे, हे खोटं नाही. आफ्रिकेत एवढी तोड झाली की नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत तिथल्या खायाच्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत घेतल्या गेल्या. पण ही मागणी जंगलातल्या जुन्या, जाड झाडांच्या लाकडाला आहे. तोच भाव आपल्या बारा वर्षांच्या खोडाला जोडणं ही दिशाभूल झाली.

प्रश्नोत्तरं

*सर, म्हणजे महोगनी लावूच नये का?*

लावा की! सेनेगालची जात, खात्रीचं रोप, आणि धुऱ्यावर वीस-पंचवीस झाडं. माझी जगलेली तेवीस बहुतेक मुरमाच्या धुऱ्यावरचीच आहेत. मधल्या शेतात तूर, ज्वारी चालू राहू द्या. सोबत कडुनिंब लावा, याच कुळातलं आपल्या कोरड्या रानांतलं रोहनचं झाड मिळालं तर तेही लावा. त्यांना परभणीचा उन्हाळा नवा नाही. आणि पीकपाहणीत झाडांची नोंद करायला विसरू नका.

*आमच्या शेतात दोन वर्षांची चारशे झाडं उभी आहेत. कर्ज काढून लावली. आता उपटून टाकायची का?*

नाही ताई, घाईने काही उपटू नका. पावसाआधी तीन कामं करा. एक, पाणी साचणाऱ्या जागेतून चर काढा. दोन, झाडांच्या ओळींत आंतरपीक घ्या, म्हणजे कर्जाचा हप्ता झाडांवर अवलंबून राहणार नाही. तीन, वाकडी आणि फाटे फुटलेली झाडं खुणा करून ठेवा, विरळणीत ती आधी जातील. या झाडांसाठी आणखी कर्ज मात्र काढू नका.

आणि आज घरी गेल्यावर दहा-बारा झाडांची जुनी, पक्की पानं तोडा आणि टोकं बघा. बोथट असतील तर ही झाडं सांभाळण्यासारखी आहेत. शेपटी असेल तर त्या झाडांवर आणखी खर्च करू नका. पानं घेऊन या, आपण दोघं मिळून बघू.