शेरा : ‘खोली बंद होती’

आपल्यापैकी बरेच जण उद्या आयटी कंपनीत ‘सपोर्ट’ला लागणार. तिथे लवकरच कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘आयटिल’. घाबरू नका! कॉम्प्युटर, नेटवर्क, सर्व्हर वगैरे सेवा नीट कशा चालवायच्या याची ही पद्धत. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका खात्याने ती लिहून काढायला घेतली. २०१९ साली आलेल्या ‘आयटिल ४’ मध्ये सात मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती घोकून सर्टिफिकेट मिळतं. मला मात्र ती थोडीफार कळली होस्टेलच्या तक्रारवहीमुळे.

झालं असं, की आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं वाय-फाय रात्री-अपरात्री बंद पडायचं. त्यात माझ्या रूममेटची प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट अर्ध्यात लटकली. कंपनीने पुन्हा संधी दिली नाही. पोरं भडकली. मग कमिटीतल्या आम्ही चौघांनी ठरवलं, ही जुनाट वही बंद, आता ऑनलाइन फॉर्म! दोन रात्री जागून फॉर्म केला. तक्रारी भराभर यायला लागल्या, कामं मात्र तेवढीच.

एका सरांनी शांतपणे विचारलं, “जुनी वही वाचलीत का रे कोणी?”

कोणीच वाचली नव्हती. ‘जिथे आहात तिथून सुरुवात करा’ हे आयटिलचं दुसरं तत्त्व. आहे ते मोडण्याआधी ते प्रत्यक्ष कसं चालतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, नुसत्या रिपोर्टवर जायचं नाही. म्हणून वही काढली. पानोपानी दोनच शेरे : ‘खोली बंद होती’ आणि ‘तपासले, चालू आहे’. पुढे टिक. म्हणजे तक्रार निकाली!

मग दोन दिवस वायरमनकाकांच्या मागे फिरलो. पोरं तक्रार लिहिणार रात्री, रेक्टरसरांची सही सकाळी, काका वर येणार अकराला. त्या वेळी आपण लेक्चरला, खोलीला कुलूप. काका काय करणार? वाय-फायचं विचारलं तर म्हणाले, “अरे, त्या पॅसेजमधल्या डबीचा प्लग कोणीतरी काढून ठेवतं इस्त्रीसाठी. मी रोज सकाळी लावतो की!”

रोज सकाळी! त्यांना माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि प्लग काढणारे आम्हीच, तिसऱ्या मजल्यावरचे.

आयटिलच्या भाषेत रोज प्लग लावणं म्हणजे ‘इन्सिडेंट’ मिटवणं. तो रोज का निघतो हे शोधणं म्हणजे ‘प्रॉब्लेम’ सोडवणं. कागदावर सगळं हिरवं आणि वापरणारा मात्र लालबुंद, या प्रकाराला या धंद्यात ‘कलिंगड’ म्हणतात. आमची वही म्हणजे अस्सल कलिंगड! पहिलं तत्त्व ‘मूल्यावर लक्ष ठेवा’ असं आहे ते याचसाठी. पोराला टिक नको असते, नेट हवं असतं.

उपाय साधेच निघाले. डबीचा प्लग कुलूपबंद पेटीत गेला, इस्त्रीला वेगळं सॉकेट मिळालं. रेक्टरसरांना विनंती करून काकांची फेरी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ठेवली. त्या दिवशी ते उशिरा कामावर येतात, नाहीतर त्यांच्यावर अन्याय झाला असता. आणि तक्रार करणाऱ्याची सही झाल्याशिवाय टिक नाही, हा नियम केला.

हे आधी एकाच मजल्यावर करून पाहिलं. थोडं करा, प्रतिसाद घ्या, मग पुढे जा, असंही एक तत्त्व आहे. बरं झालं, कारण पोरं सहीच करेनात! काम झालं की विसरली. म्हणून ‘तीन दिवसांत हरकत आली नाही तर तक्रार बंद’ अशी दुरुस्ती केली आणि मगच बाकीच्या मजल्यांवर गेलो.

‘सुधारा आणि स्वयंचलित करा’ हे तत्त्व यादीत सगळ्यात शेवटी आहे. आम्ही नेमकी तिथूनच सुरुवात केली होती. सदोष पद्धतीला फॉर्म लावला, तर तीच चूक फक्त जास्त वेगाने होते.

‘सगळ्याचा एकत्र विचार करा’ हे तत्त्व मात्र मला अजून पुस्तकीच वाटतं. असो.

फॉर्म या टर्मपासून पुन्हा सुरू झालाय. त्यात एक रकाना वाढलाय : ‘तुम्ही खोलीवर कधी असता?’ वहीही ठेवलीय, कारण काकांना फोनवर टाईप करायचा कंटाळा येतो. रूममेटला मार्चमध्ये दुसरीकडे नोकरी लागली. सपोर्टलाच.