पडद्यावरची निवांत शेती

शेतीच्या निवांत व्हिडिओ गेमची वाट रुळली ती १९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘हार्वेस्ट मून’मुळे. त्याचे निर्माते यासुहिरो वादा मियाझाकीच्या ग्रामीण भागातून टोकियोत आले होते. मागे राहिलेल्या गावाचीच ओढ त्यांनी खेळात उतरवली. एरिक बरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने राबून घडवलेला, २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ हा त्याचा सर्वांत सुरेख वारस.

त्यातला दिवस साधारण १४ मिनिटांत सरतो, ऋतू २८ दिवसांचा असतो. पार्स्निप हे गाजरासारखे मूळ चार दिवसांत काढणीला येते. पाणी घालायचे राहिले तर रोप मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही. खेळाची सारी निवांतता या छोट्याशा नियमात आहे. २००९ च्या ‘फार्मव्हिल’मध्ये मात्र वेळेत न काढलेले पीक कोमेजून जाई आणि खेळणारा घड्याळाला बांधला जाई.

‘स्टारड्यू’त भावही कोसळत नाही. केलेल्या कष्टाचे फळ ठरल्या दिवशी डोळ्यांना दिसते, आणि खऱ्या शेतकऱ्याला नेमकी हीच खात्री क्वचित लाभते. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या: स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकी. काय पेरायचे ते स्वतः ठरवणे, हळूहळू वाढणारे शेत आणि भेटवस्तूंनी जिंकलेले गावकरी यांतून या तिन्ही भागतात.