अॅम्बेसेडरचे दोन फ्यूज

वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखानदारीचा जम बसला, तात्यासाहेब कोरे यांच्या कर्तृत्वाने कोडोलीच्या शेजारी वारणानगर उभे राहिले, आणि पुढील काळात संचालक, डॉक्टर, वकील व सधन बागायतदार यांच्या दारांत अॅम्बेसेडर दिसू लागली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यास घडविलेली ही गाडी 2014 पर्यंत निघत होती. या प्रदीर्घ कालखंडात तिच्या इंजिनाचे व ऐसपैस आसनांचे गुणगान पुष्कळ झाले. आतील तारांची वास्तपुस्त मात्र धूर निघाल्याखेरीज सहसा कोणी केली नाही.

मूळ ब्रिटिश रचनेत साऱ्या गाडीच्या विद्युत्-बंदोबस्ताला काचेच्या नळीतले अवघे दोन फ्यूज नेमलेले असत. एकाच्या अखत्यारीत हॉर्न आणि आतला दिवा. दुसऱ्याकडे वायपर, ब्रेकचा दिवा, पेट्रोलचा काटा इत्यादी चावी फिरविल्यावर चालणारा सरंजाम. पुढचे दिवे, मागचे दिवे आणि इग्निशन यांना कोणताच पहारा नव्हता. एकुलता एक फ्यूज उडून भर वेगात दोन्ही दिवे एकदम विझणे हे तार जळण्याहून भयंकर, असे या शिरस्त्याचे समर्थन करता येते. ते अगदीच निराधार नाही. शिवाय ल्यूकस या विद्युत्-सामान बनविणाऱ्या कंपनीच्या या फ्यूजवरील 35 हा अँपिअरचा आकडा वितळण्याचा असून अखंड सोसण्याची मर्यादा सुमारे त्याच्या निम्मी, ही गोष्ट पुष्कळ वायरमनांच्याही ध्यानी नसे.

पुढे मालकांच्या हौसेने या तुटपुंज्या व्यवस्थेवर नवनवी ओझी चढली. रेडिओ आला, मग कॅसेट प्लेअर, धुक्याचे दिवे, दोन सुरांचा हॉर्न. आणि प्रत्येक नवी तार जवळ दिसेल त्या जुन्या तारेला सोलून जोडली गेली. कोल्हापूरच्या वाटेवर फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद त्याला गुंडाळावा, किंवा तांब्याची तार पिळून बसवावी, आणि “मालक, गावापर्यंत जाईल की” एवढ्या हवाल्यावर निघावे, ही तर रूढीच झाली. गाव येई, तांब्याची तार मात्र तेथेच राही. इंजिन आणि डॅशबोर्ड यांमधील पत्र्याच्या भोकातले रबर वाळून गळून पडले, की त्या धारेवर घासून उघडी पडलेली तार थेट पत्र्याला टेके. मग शेकडो अँपिअर ओतू शकणाऱ्या बॅटरीला अडविणारे मध्ये कोणीच नसे.

अमेरिकेत 1976 साली पात्यांचे रंगीत फ्यूज निघाले आणि यथावकाश ते आपल्याकडील गॅरेजांतही रुळले, तेव्हा जुन्या गाडीत सहा-आठ फ्यूजांची जादा पेटी बसविण्याची तजवीज सुलभ झाली. फ्यूज दिव्याचे नव्हे, तारेचे रक्षण करतो, हे तत्त्व येथे निर्णायक ठरते. 60 वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 10 अँपिअर घेतात. डाव्या-उजव्याची वाटणी केली की प्रत्येकी पाच. मग साडेसात किंवा दहाचा फ्यूज पुरतो, एक उडाला तरी दुसरा दिवा वाट दाखवितो, आणि मूळ रचनेमागील भयही उरत नाही. पेटी बॅटरीच्या जितकी जवळ तितकी बरी, कारण फ्यूजच्या अलीकडची तार अखेर बेवारसच असते.

अशा फेरफाराने गाडीचे अस्सलपण बाटते, असे मानणारे शौकीन आहेत. मला तो सोवळेपणा पटत नाही. केंद्र शासनाने 2021 साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस विंटेज ठरविताना मोठ्या फेरफारांच्या संदर्भात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांचा नामनिर्देश आहे, फ्यूजच्या पेटीचा नाही. दोन फ्यूजांची जुनी पेटी जागच्या जागी ठेवून नवी बॅटरीजवळ बेमालूम बसविता येते. तिचा तपशीलवार नकाशा मात्र मराठीत काढून झाकणाच्या आतून चिकटवावा. ल्यूकसच्या रंगपद्धतीतील निळी तार तांबड्या फ्यूजकडे का वळली, हे पुढच्या वायरमनला मूळ पुस्तिकेत सापडणार नाही.