गोल्डन रॉड : परसातील सोने आणि त्याची मर्यादा

नागपूर-अमरावती महामार्गावरील तिवसा हे कापूस, तूर आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. वऱ्हाडातील अशा गावांत व्यापारी घरांची जुनी रचना परिचित आहे : समोर दुकान, मागे राहते घर आणि त्यामागे परस. या परसात तुळस, मोगरा, जास्वंद यांच्या जोडीला शोभेल आणि फारशी मिजास करणार नाही असे एक फूलझाड म्हणजे गोल्डन रॉड. लग्नसमारंभातील पुष्पगुच्छात गुलाब-जरबेरांच्या मागे जे बारीक पिवळ्या फुलांचे तुरे दिसतात, ते याचेच.

मूळचे हे झाड उत्तर अमेरिकेतील. कूळ मात्र आपल्या झेंडू, शेवंती आणि सूर्यफुलाचेच. शास्त्रीय नाव सॉलिडॅगो. जखमा सांधणारे, या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले, कारण जुन्या काळी या वनस्पतीचा औषधी उपयोग होत असे. थोर संशोधक थॉमस एडिसन यांनी 1927 पासून, हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांच्या साहाय्याने, रबर देणारी अमेरिकेत वाढू शकेल अशी वनस्पती शोधण्यास आरंभ केला. हजारो वनस्पती तपासून त्यांची निवड अखेर गोल्डन रॉडवर स्थिरावली.

तिवशाच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच करावा. मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळावी. झाडाला दिवसाचे किमान सहा तास ऊन हवे. मात्र वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर भिंतीची सावली मिळाली, तर पाने करपत नाहीत. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि सकाळी मुळाशी पाणी द्यावे. पाने सतत ओली राहिल्यास भुरी आणि तांबेरा यांचा उपद्रव होतो. युरियाचा मोह टाळावा. नत्र अधिक झाले की देठ लुसलुशीत होऊन आडवे पडतात आणि मावाही वाढतो.

लागवड बियांपेक्षा बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यांपासून सोपी. दोन रोपांत सुमारे एक फूट अंतर ठेवावे. दर दोन-तीन वर्षांनी दाटलेला गड्डा उकरून विभागावा लागतो. हे काम चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर करावे. पावसाळ्यात माती जीवांनी भरलेली असते. ते टाळणे जयणेला धरून आहे आणि रोपांनाही सोयीचे, कारण पुढील थंडीत ती सहज रुजतात. तुऱ्यातील सुमारे एक तृतीयांश फुले उमलली की देठ कापावा. तत्पूर्वी तो हलकेच झटकून त्यावरील कीटकांना जाऊ द्यावे. उलटे टांगून सावलीत वाळवलेले तुरे कित्येक महिने रंग टिकवतात.

या फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरे मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे येथे कीटकनाशकाची फवारणी म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलावून विष वाढण्यासारखे आहे. परागकणांमुळे दमा किंवा सर्दी होते, ही भीतीही अनाठायी आहे. याचे पराग जड व चिकट असतात. ते वाऱ्यावर नव्हे, कीटकांच्या अंगावरून प्रवास करतात.

खरी सावधगिरी निराळीच आहे. हे झाड जमिनीखालील खोडांनी पसरते आणि एकेक झाड हजारो हलकी, केसाळ बीजे वाऱ्यावर सोडते. चीनमध्ये 1935 च्या सुमारास ते शोभेसाठी आणले गेले. पुढे शेते, बांध आणि पडीक जमिनी व्यापणारे उपद्रवी तण म्हणून ते कुख्यात झाले. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे दुःख नवीन नाही. त्याच कुळातील गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आज गावोगावचे धुरे त्याने भरले आहेत.

म्हणून वाफ्याभोवती एक फूट खोल विटांची कड घालावी, अथवा झाड मोठ्या कुंडीतच ठेवावे. फुले कोमेजताच, पांढरा कापूस धरण्याआधीच, देठ बुडाशी छाटावा. नवे फुटवे येऊन पुन्हा बहर येतो. उपटलेले गड्डे नाल्यात वा रस्त्याकडेला न टाकता उन्हात पूर्ण वाळवावेत. दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीवरून, रिकाम्या पोत्यांवरून एखादे बीज शेतात जाऊ शकते, याचे भान हवे. ज्याच्या कापसावर आणि तुरीवर पेढी चालते, त्याच्या धुऱ्यावर आपल्या परसातून तण जाऊ नये. परिग्रहाला परिमाण घालणाऱ्या घराला एका वाफ्याचे परिमाण पाळणे कठीण नाही.