कृष्णधवल भिंतींची दीडशे वर्षं

१८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या स्नेह्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, तेव्हा सामान्य मराठी घराच्या भिंतीवर टांगायला फारसं काही नव्हतं. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रं होती, पण ती सरदारांची चैन. बाकीच्यांच्या भिंतीला चुना किंवा शेणमाती, कोनाड्यात देव, खुंटीला पागोटं. शिळाप्रेसवर छापलेल्या चित्रशाळेच्या तसबिरींनी पेशवे, नाना फडणवीस आणि रामपंचायतन थेट माजघरात आणून बसवले. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि रंगीत लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. मराठी घरातल्या चित्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा याच रंगीत वाटेनं जातात. त्याच भिंतींवर काळ्या-पांढऱ्या चित्रांची एक ओळही होती. रंगीत देवांच्या शेजारी ती कधी उजेडात राहिली, कधी अंधारात गेली. गेल्या काही वर्षांत ती दिवाणखान्यात परतली आहे, म्हणून तिचा हा मागोवा.

या ओळीची सुरुवात छापखान्याच्याही आधीची, फोटोग्राफीपासूनची आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. छायाचित्रकार राजा दीनदयाळांची मुंबईतली शाखा १८९६ ची. सुरुवातीच्या काळातल्या फोटोंतली माणसं इतकी ताठ का, असा प्रश्न आज नातवंडांना पडतो. काच ओली असतानाच तिच्यावर फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत धुवायची, अशी तेव्हाची पद्धत होती. उजेड पुरेसा पडेपर्यंत काही सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेच्या मागे लोखंडी टेकू लावत. चेहऱ्यावरचा तो कठोरपणा स्वभावाचा नव्हता. श्वास रोखून धरलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. मागे रंगवलेला पडदा, शेजारी तिवई, तिवईवर फुलदाणी, आजोबांच्या हातात न वाचलेलं पुस्तक. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा आयुष्यात एवढा एकच फोटो निघाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाफटोन ब्लॉक आले. छोट्या-मोठ्या ठिपक्यांनी करड्या छटा दाखवण्याची ही युक्ती आल्यावर फोटो मासिकात छापता येऊ लागला. 'मनोरंजन' मासिकानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, त्यामागे या तंत्राचाही हात होता. याच सुमारास दादासाहेब फाळके ब्लॉक करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात होते. सिनेमाकडे वळण्याआधी काळ्या-पांढऱ्या छटांचा हिशेब ते कागदावर शिकले. मासिकातलं चित्र कापायचं, पुठ्ठ्यावर डकवायचं, काच घालून टांगायचं, ही सवय तेव्हापासूनची. १९२० मध्ये लोकमान्य गेले, त्यानंतर त्यांचा फोटो नसलेलं घर शोधावं लागलं असतं, अशी ती वर्षं होती.

त्याच काळातला एक चित्रकार आज भिंतीवर जेवढा दिसायला हवा तेवढा दिसत नाही. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, मग तिथलेच शिक्षक. त्यांच्या तैलचित्रांची आणि पोस्टकार्डांची चर्चा होते. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकातली त्यांची चित्रं मात्र थोड्यांनीच नीट पाहिली आहेत. नऊवारीचा काष्टा, पगडीचा पेच, जमिनीवर बसताना माणसाच्या गुडघ्याला येणारा बाक, हे सगळं धुरंधरांना पाठ होतं. धुरंधर १९४४ मध्ये वारले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून त्यांची चित्रं आता सर्वांची आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईचं चित्र कुणाला दिवाणखान्यात हवं असेल, तर मी सर्वांत आधी धुरंधरांचं नाव सांगेन.

वाड्यात आणि चाळीत तसबिरी लावण्याची रीत आजच्यापेक्षा वेगळी होती. दारावर किंवा तुळईखाली, सात-आठ फूट उंचीवर एका ओळीत, आणि प्रत्येक तसबीर वरून पुढे झुकलेली. घर जमिनीवर बसायचं. सतरंजीवर बसलेल्या माणसाला वर पाहिलं की काचेवर उजेड चमकू नये आणि चेहरा सरळ दिसावा, म्हणून तो झुकाव होता. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीचा खालचा भाग फळ्या, ट्रंका आणि गाद्यांच्या वळकटीला लागे, तेव्हा चित्रांना वरचीच जागा उरे. देव मध्ये, पुढारी बाजूला, घरातली गेलेली माणसं टोकाला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर हजारो घरांच्या भिंतींवरून देवांच्या रंगीत तसबिरी उतरल्या आणि तिथे बुद्ध आणि कोट घातलेले बाबासाहेब आले. त्यांतले बरेच फोटो कृष्णधवल होते, स्टुडिओतून किंवा जत्रेतल्या विक्रेत्याकडून घेतलेले. गृहसजावटीवरच्या लेखनात याचा उल्लेख सापडत नाही, ही मोठी उणीव आहे. महाराष्ट्रात भिंतीवरच्या चित्रानं माणसाचं जगणं इतक्या उघडपणे बदलल्याचं सांगितलं, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

साठ-सत्तरच्या दशकात कॅमेरा मध्यमवर्गीय घरात शिरला. बडोद्यात तयार होणारा अगफा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आणि कागद. फोटो अल्बममध्ये जायचे. काळ्या जाड कागदाची पानं, फोटोच्या चारी टोकांना चिकटवलेले कोपरे, मध्ये बटर पेपर. मोठा करून टांगायचा तो लग्नाचा जोडीचा फोटो. त्याच वर्षांत दिवाळी अंकांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची रंगीत मुखपृष्ठं गाजत होती आणि ती कापून फ्रेम करणारी घरं पुष्कळ होती. आतल्या पानांवरची रेखाचित्रं मात्र रद्दीत गेली. वसंत सरवटे यांच्या रेषेतलं मध्यमवर्गीय घर, त्यातली आरामखुर्ची, त्यातला विचारात पडलेला गृहस्थ, हे सगळं आज फ्रेममध्ये असायला हवं होतं. त्याच काळात अंधेरीतल्या छोट्याशा घरात चित्रकार चित्तप्रसाद लिनोलियम कोरून काळ्या शाईचे ठसे काढत होते. काम करणाऱ्या मुलांची त्यांची लिनोकट चित्रं जगभर गेली. मुंबईतल्या घरांना त्यांची ओळख फार उशिरा झाली.

ऐंशीच्या दशकात रंग आला तो सगळीकडून एकदम. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही, गल्लीच्या तोंडाशी कलर लॅब. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये 'सीनरी' लागली. बर्फाचे डोंगर, तळं, तळ्यात बोट. त्याआधी १९७३ पासून 'कालनिर्णय' स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलंच होतं, त्यामुळे चित्राच्या कॅलेंडरची गरजही कमी झाली. कृष्णधवल फोटो उरला तो हार घातलेल्या माणसापुरता. म्हणूनच हॉलमध्ये काळं-पांढरं चित्र लावायचं म्हटलं की घरातलं कुणी ज्येष्ठ माणूस अजूनही कचरतं. त्यांच्या मनातलं हे दडपण खोटं नाही. चाळीस वर्षं त्यांनी हे दोन रंग मृत्यूच्याच शेजारी पाहिले आहेत. अशा घरात पहिलं चित्र रस्त्याचं, समुद्राचं किंवा झाडाचं लावावं. चेहरे नंतर आणावेत.

कृष्णधवल चित्रांच्या परतीची वाट गोव्याकडूनही आली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा मूळचे तिथल्या लोटलीचे. त्यांची काळ्या शाईतली गर्दी आधी वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत होती. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर ती मोठी होऊन उतरली आणि जेवायला आलेल्या लोकांना वाटलं, असं घरी का नसावं? २०११ मध्ये मारिओ गेले, पण त्यांची चित्रं प्रिंटवर, फरशांवर, कपांवर गोव्यात सर्वत्र मिळतात. त्यांच्या चित्रांवरचा हक्क अजून जिवंत आहे, तेव्हा अधिकृत प्रिंटच घ्यावी. त्यांच्या चित्रात डोळा पुन्हा पुन्हा फिरतो, आणि रोज समोर असणाऱ्या भिंतीला असंच चित्र लागतं.

गेल्या दोन दशकांत टिकाऊ शाईची डिजिटल छपाई स्वस्त झाली आणि जुन्या फोटोची मोठी प्रत कुणालाही काढता येऊ लागली. त्याबरोबर तयार तीन-तीनचे संचही आले. आयफेल टॉवर, न्यूयॉर्कचा पूल, पावसातली छत्री. ती चित्रं वाईट नाहीत. पण ज्या घरातलं कुणी त्या पुलावरून चाललेलं नाही, त्या घरात ते चित्र वर्षभरानंतर दिसेनासं होतं. त्याच मापात घरातलाच एखादा अडीच इंची चौकोनी फोटो मोठा करून पाहा. आमच्या घरी चाळीच्या गॅलरीतला एक फोटो असा दोन फुटांचा केला, तेव्हा मागच्या खोलीतली झुकलेली तसबिरींची ओळ, कठड्यावरची बरणी आणि आत्याच्या हातातली विणकामाची सुई पहिल्यांदाच दिसली. अल्बमात ती इतकी वर्षं होतीच, पण कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

आता लावण्याविषयी. आपण आता जमिनीवर नाही, खुर्चीवर बसतो, म्हणून चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर, सुमारे पाच फुटांवर असावा. सोफ्यावर लावायचं असेल तर आणखी थोडं खाली. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर हवा, कारण जुन्या कागदातला पांढरा कधीच शुभ्र नसतो आणि शुभ्र माउंटशेजारी तो मळका वाटतो. चौकट बारीक काळी किंवा जुन्या सागाची. वाडे पाडताना निघालेल्या सागाच्या चौकटी फ्रेमवाल्यांकडे अजून मिळतात.

मूळ फोटो मात्र टांगू नये. त्याची प्रत टांगावी. उन्हानं कागद पिवळा पडतो. फोटो पक्का करायला वापरलेलं हायपो हे रसायन नीट धुतलं गेलं नसेल तर फोटो आतूनच करपतो. सर्वांत मोठा शत्रू आपला पावसाळा. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो, फुगतो आणि काचेला चिकटतो. तसा चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा आणि मग जाणकाराकडे न्या. काच आणि फोटो यांच्यात माउंटची जाडी हवीच. पश्चिमेची, पाऊस खाणारी भिंत टाळावी. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले तर मागून हवा खेळते आणि कसरही कमी लागते.

जुन्या फोटोंत रंग भरून देणारी अ‍ॅप्स आली आहेत. ती वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आजीचं लुगडं जांभळं होतं की हिरवं, हे यंत्राला माहीत नसतं. ते अंदाज करतं, आणि दहा वर्षांनी तो अंदाज घरातली आठवण होऊन बसतो. करड्या छटा निदान खरं तेवढंच सांगतात.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. जुन्या मासिकांची आणि सचित्र पुस्तकांची पानं फाडून, माउंट करून, 'व्हिंटेज' म्हणून विकणारे वाढले आहेत. एका फ्रेमसाठी अख्खं पुस्तक मरतं. अशा पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आता मिळतात, त्यांवरून चांगली प्रिंट निघते. फाडलेलं पान विकत घेऊ नका. कुलाब्यात रीगलसमोर फिलिप्स अँटिक्स १८६० पासून आहे, तिथे जुनी छापील चित्रं आणि नकाशे सुटे मिळतात. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात सिनेमाचे फोटोही हाती लागतात.

त्याच बाजारांत कुटुंबांचे फोटोही ढिगानं पडलेले असतात. नऊवारीतल्या बायका, मुंजीतले मुलगे, फेटेवाले आजोबा. कुणाच्या मागे नाव नाही, गाव नाही. घर विकताना ट्रंकेसकट गेलेले हे लोक आता अनोळखी हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला लागतात. तुमच्या अल्बमातल्या माणसांना ओळखणारं कुणी अजून घरात असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्याशेजारी बसा. मऊ पेन्सिलीनं, फार न दाबता, प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि जमेल ते साल लिहून घ्या. फ्रेम त्यानंतर करा.